अंबडचा होम सिग्नल

१

अंबडला रेल्वे नाही, ही गोष्ट बद्रीनाथ उढाण यांना लहानपणापासून सलत आली. पुढे त्यांना रेल्वेतच नोकरी लागली. मीटरगेजच्या लायनीवर एकामागून एक आडबाजूच्या स्टेशनांत त्यांनी मास्तरकी केली. मग ब्रॉडगेज आलं, जुनी स्टेशनं ओळखू येईनाशी झाली, आणि निवृत्त होऊन ते परत अंबडलाच येऊन राहिले. इथे गाडीची शिट्टी ऐकायची तर एसटीत बसून जालन्याला जावं लागतं. म्हणून त्यांनी घराच्या मागच्या खोलीत स्वतःच लाइन टाकली.

तीन भिंतींना लागून कमरेइतका उंच प्लायवूडचा ओटा, त्यावर रूळ. दाराजवळ जालना, पुढे गोलापांगरी, खिडकीखाली मधोमध अंबड, मग सुखापुरी, आणि समोरच्या भिंतीला टेकलेलं शेवटचं तीर्थपुरी. त्याच्या पुढे लाइन नव्हती, भिंत होती. अंबडच्या मागे प्लास्टरची मत्स्योदरी देवीची टेकडी, हिरवा रंग दिलेल्या भुशाचं गवत, मोसंबीच्या बागा, कापसाच्या गाठी भरलेले मालडबे. तळहाताएवढी इंजिनं. जी लाइन कुणी कधी टाकली नाही, ती मास्तरांनी अशी सांधा न सांधा जुळवून टाकली होती.

पण त्या खोलीत जायला त्यांना दुपारच मिळायची. सकाळ बायकोची, नंदाबाईची. तिच्या हृदयाचा जोर वर्षभर कमी कमी होत चालला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून शेवटी सांगितलं होतं, की आता इकडे आणण्याची ओढाताण करू नका, घरीच सांभाळा. पायाला सूज, आडवं झालं की दम. पाठीला उशा लावून ती पुढच्या खोलीत पलंगावर बसूनच असायची. बसूनच झोपायची. तिचं तोंड धुणं, गोळ्या, चादर बदलणं, पाय चोळणं हे सगळं मास्तर करायचे. स्वयंपाकाला चतुराबाई यायची, ती भांडी घासून बारा-साडेबाराला निघून जायची. जेवणं झाली, नंदाबाईचा डोळा लागला, की मास्तर मागच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसायचे. मधलं दार उघडं ठेवायचे, खोकला ऐकू यावा म्हणून.

चाळीस वर्षं उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट बघण्यात गेली होती. आता हे. मास्तरांना कशाचाही राग येत नसे, फक्त थकल्यासारखं वाटायचं. दिवसातून तेवढा एक-दोन तास त्यांच्याकडे कोणी काही मागत नव्हतं.

२

त्यांची एकुलती मुलगी शिवकन्या पुण्यात कंपनीत कंपुटरचं काम करायची. कंपनीनं तिला जर्मनीला पाठवलं होतं. तिकडून येताना तिनं बापासाठी इंजिनं आणली, रुळाखाली बसवायची, वर गाडी आली की ओळखणारी छोटी यंत्रं आणली आणि दिवाळीच्या सुट्टीत एक जुना कंपुटर आणून सगळं जोडून दिलं.

पडद्यावर सगळी लाइन एका आडव्या पट्टीसारखी दिसायला लागली. पट्टीचे तुकडे. ज्या तुकड्यात गाडी नाही तो हिरवा, ज्यात गाडी आहे तो लाल. कंपुटर सांधे फिरवून गाडीचा रूळ बदलायचा, एका गाडीला लूपमध्ये, म्हणजे मोठ्या लायनीच्या बाजूच्या रुळावर घ्यायचा, दुसरीला सोडायचा. एका इंजिनाच्या कपाळावर तिनं हरभऱ्याएवढा कॅमेरा बसवला होता. त्याचं चित्र कोपऱ्यातल्या लहान टीव्हीवर यायचं, आणि टेकडीजवळून जाताना खरोखरच मत्स्योदरीच्या पायथ्यानं चाललोय असं वाटायचं.

मास्तर कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत राहिले. शिवकन्याला वाटलं, आवडलं नाही की काय.

"अण्णा, ही तर सुरुवात आहे," ती म्हणाली. "पुढं पुढं तुम्हाला हात लावायची बी गरज राहणार न्हाई. फलाटावरची माणसं चालतील. आणि दुसऱ्या गावचा माणूस त्याच्या घरी बसून त्याची गाडी तुमच्या लायनीवर पाठवील. त्याचं इंजिन तिकडंच. पण तुमच्या पडद्यावर ती येणार, तुमच्या गाड्या तिला रस्ता देणार."

"आपल्याला दिसणार न्हाई?"

"पडद्यावर दिसल. काही वर्षांनी खोलीत बी दिसल, काय सांगावं."

मास्तरांनी विचारलं, मंग तिला लाइन क्लियर, म्हणजे पुढं यायची परवानगी, कोण देणार. कंपुटर देईल, असं ती हसून म्हणाली. मास्तर हसले नाहीत. बाकी सगळं कंपुटरला दे, पण अंबडचा होम सिग्नल माझ्या हातात राहू दे, असं त्यांनी तिला सांगितलं. होम सिग्नल म्हणजे स्टेशनाच्या तोंडावरचा सिग्नल. तो पडल्याशिवाय गाडी आत येत नाही, बाहेरच, आउटरला उभी राहते. शिवकन्यानं बापाची हौस म्हणून ओट्याच्या कडेला पितळी दांडा बसवून दिला. दांडा ओढला की सिग्नल पडायचा, सोडला की उठायचा. कंपुटरनं तेवढ्यापुरतं मास्तरांचं ऐकायचं.

३

चैत्रातल्या एका दुपारी मास्तर खुर्चीत बसले, तेव्हा तीर्थपुरीचा तुकडा लाल होता.

तीर्थपुरीत गाडी नव्हती. पॅसेंजर गोलापांगरीला लूपमध्ये उभी होती, मालगाडी सुखापुरीला. मास्तरांनी उठून चष्मा सारखा केला आणि रुळावर वाकून बघितलं. एखादा खिळा, तारेचा तुकडा पडला असेल. काही नव्हतं. त्यांनी फडक्यानं रूळ पुसला, खालची वायर काढून परत लावली. तुकडा लालच. मालगाडी तीर्थपुरीकडे सोडायला गेले तर कंपुटर सोडेना. तिकडे गाडी आहे म्हणत होता.

यंत्र आहे, बिघडतं, असं स्वतःशी म्हणून ते परत बसले. खिडकी बंद, वाऱ्याची झुळूक नाही. बाहेर रस्त्यावरही सामसूम होती.

"अहो," पुढच्या खोलीतून नंदाबाईनं हाक मारली. ती जागी होती. "कोणची गाडी आली?"

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. टीव्हीवरचा आवाज असेल, असं त्यांनी तिला सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की टीव्ही लावलेलाच नाही.

संध्याकाळी त्यांनी शिवकन्याला फोन केला. ती म्हणाली, धूळ बसली असेल, यंत्राला वाटतं वर गाडी आहे. मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते जे बाहेरून गाडी पाठवायचं तू म्हणत होतीस, ते सुरू तर नाही झालं. तिला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, त्या कंपुटरला फोनची वायरसुद्धा जोडलेली नाही अण्णा, बाहेरून काय येणार.

मास्तरांना ते बराबर पटलं.

४

काही दिवस ती लाल पट्टी तिथेच राहिली. मास्तरांना सवय झाली. मग एका दुपारी ते बघत असतानाच ती विझली आणि तिच्या शेजारचा, तीर्थपुरी-सुखापुरीमधला तुकडा लाल झाला.

खट्‌ असा आवाज आला. सुखापुरीचा सांधा फिरला होता. मालगाडी आपणहून हलली, सावकाश लूपमध्ये शिरली आणि थांबली. मोठ्या लायनीवरची गाडी येणार असली की मालगाडीनं बाजूला व्हावं, तशी. नोकरीत मास्तरांनी हजार वेळा हे स्वतः केलं होतं. यात चूक काहीच नव्हती. फक्त ज्या गाडीसाठी ती बाजूला झाली होती ती गाडी नव्हती.

तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. पंखा थांबत थांबत थांबला. कंपुटर आणि रूळ इन्व्हर्टरवर चालू राहिले. त्या स्तब्ध खोलीत मास्तरांना दिसलं, की रुळाच्या कडेचं भुशाचं गवत तीर्थपुरीकडून सुखापुरीकडे वाकत गेलं आणि मागं मागं उभं राहत गेलं. एकदाच. त्यांनी डोळे चोळले. वय झालं, डोळ्यापुढे कायकाय हलतं. पण त्यांनी परत तिकडे बघितलं नाही, कारण पुढच्या खोलीत नंदाबाईचा श्वास घरघरायला लागला होता.

त्या दिवशी तिला फार दम लागला. गावातले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवला. दिवेलागणीला ती जरा सावरली, पण आवाज खोल गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई मागची खोली झाडायला गेली आणि ओलं फडकं घेऊन बाहेर आली. फडकं काळं झालं होतं. "मास्तर, तुम्ही आत काय जाळून राह्यले? खिडकीत समदी काजळी हाय, कोळशाची."

मास्तर म्हणाले, रस्त्यावरची असेल, डांबराचं काम चालू आहे कुठंतरी. चतुराबाईनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि फडकं धुवायला निघून गेली.

नंतर एकटे असताना त्यांनी मनाला विचारलं, की लाल दिवा सरकला आणि हिला त्रास झाला, यात संबंध तो काय. एकाच दुपारी दोन गोष्टी होतात. रोजच होतात. त्यांनी मनाला हे नीट समजावलं आणि मग कंपुटर बंद करून त्यावर जुनी चादर टाकली.

५

चादरीचा उपयोग झाला नाही. बंद करून ठेवलेलं तसंच राहिलं, तरी पुढच्या आठवड्यात भर दुपारी नंदाबाई म्हणाली, "सुखापुरी सोडली तिनं."

मास्तर तिचे पाय चोळत होते. त्यांचे हात थांबले. तिला गावांची नावं माहीत होती, लाइन टाकताना तिनंच रंग कालवून दिला होता. पण बंद पडद्यावरचं तिला कोण सांगणार.

"कोणची गं?"

"शिट्टी न्हाई मारत. रूळ वाजतोय नुसता." ती भिंतीकडे कान देऊन होती. "क्वार्टरमधी ऐकू यायचं न्हाई का, गाडी दिसायच्या आधी. तसं."

मास्तरांनी हळूच उठून मागे जाऊन कंपुटर लावला. लाल पट्टी सुखापुरीच्या अलीकडे, अंबडच्या बाजूला आली होती.

त्यांनी शिवकन्याला बोलावून घेतलं. आईची तब्येत उतरली आहे एवढंच सांगितलं, पण ती आल्यावर यंत्राचंही सांगितलं. तिनं अर्धा दिवस घालून सगळं तपासलं. वायरी काढल्या, ओट्याखाली पाठीवर पडून यंत्रं बदलली, आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. शेवटी पडदा सुरू केला तेव्हा मोठी लाइन सगळी हिरवीगार होती.

त्या दोन दिवसांत नंदाबाई बरी होती. चक्क अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं. लेकीशी बोलली. लेक तिची वेणी घालत होती आणि मास्तर दारातून बघत होते. त्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शिवकन्या पुण्याला गेली त्याच दुपारी लाल पट्टी परत आली. आता ती अंबडच्या तोंडाशी होती. होम सिग्नलच्या बाहेर.

मास्तर खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी दांड्यापाशी जाऊन सिग्नल उठलेला आहे का ते बघितलं. उठलेला होता. त्यांनी दांडा घट्ट दाबून धरला आणि उभे राहिले. लाल पट्टी सिग्नलपर्यंत आली आणि थांबली.

बराच वेळ त्यांचा हात दांड्यावर होता. काही झालं नाही. नुसतं रुळातून हाताला कंप येत होता, मोठं इंजिन उभं असल्यावर फलाटाला येतो तसा.

६

त्यानंतर नंदाबाईचं बरं होईना आणि वाईटही होईना.

डॉक्टर रोज येऊन नाडी बघायचे. ते म्हणायचे, मास्तर, कमाल आहे, यांच्या जागी दुसरं कोणी राहिलं नसतं, जीव चिवट आहे. मास्तर मान हलवायचे. ते दुपारी दांड्यापाशी उभे राहायचे, पाय दुखले की स्टूल घ्यायचे. बाकीच्या वेळी दांडा सुतळीनं बांधून ठेवायचे.

ती आता खात नव्हती. पाणी चमच्यानं. पाठीला जखमा झाल्या होत्या, कुशीवर केलं की दम कोंडायचा, बसवलं की जखमा दुखायच्या. झोप तिला येत नव्हती, म्हणून मास्तरांनाही नाही. कधी ती त्यांच्याकडे नुसती बघत राहायची. उन्हाळा चढत गेला. पंखा चालायचा, बंद पडायचा, परत चालायचा. दिवस कोणता हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी तिनं त्यांना जवळ बसवून घेतलं. थांबून थांबून बोलत होती.

"परतूरच्या अलीकडं होतो आपण, आठवतं का. पुढं इंजिन बंद पडल्तं, आणि पॅसेंजर आउटरला उभी होती. उन्हाची."

मास्तरांना आठवत होतं.

"मी घागर घेऊन गेल्ते. डब्यात एक बाई होती, लेकराला पदरानं वारा घालू राह्यली होती. मी म्हणलं, थोडा वेळ हाय बाई. तर ती म्हणाली, मास्तरीणबाई, पुढं न्या न्हाईतर मागं न्या. पण असं उभं करून ठेवू नका." तिनं श्वास घेतला. "ते तुम्हाला सांगितलं का मी तेव्हा?"

"न्हाई."

"मंग आता सांगितलं."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. हात थंड होता, सुजून जड झाला होता. आउटरला कोणती गाडी आहे हे तिला विचारावं असं त्यांना वाटलं. विचारलं नाही. ती म्हणाली, "शिवीला बोलवा." मग तिनं डोळे मिटले. झोपली नाही.

७

शिवकन्या सकाळच्या एसटीनं आली. आईला बघून तिला रडू आलं, पण तिनं चेहरा धुतला आणि पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसली. कंपनीतल्या, पुण्यातल्या काहीबाही गोष्टी आईला सांगत राहिली.

जेवणवेळ झाली. कोणी जेवलं नाही. मास्तरांनी नंदाबाईच्या कपाळावर हात ठेवला, केस मागे सारले आणि ते मागच्या खोलीत गेले. या वेळी त्यांनी मधलं दार लोटून घेतलं.

त्यांनी दांड्याची सुतळी सोडली. कॅमेऱ्याचं इंजिन अंबडच्या लूपमध्ये उभं होतं, फलाटाकडे तोंड करून. मास्तरांनी टीव्ही लावला. इतके दिवस त्यांनी तो मुद्दाम लावला नव्हता. पण गाडी आत घ्यायची आणि तिच्याकडे बघायचं नाही, हे मास्तरकीत बसत नाही. टीव्हीवर रिकामा फलाट, त्यामागे टेकडी, उजेड.

दाराआडून शिवकन्याचा आवाज येत होता. ती कुठल्याशा मैत्रिणीच्या लग्नाचं सांगत होती.

मास्तरांनी दांडा ओढला. सिग्नल पडला.

लाल पट्टी हलली. ओट्यावर काहीच नव्हतं. रूळ होता, वाकत येणारं गवत होतं. मास्तरांनी टीव्हीकडे मान वळवली. तिथला उजेड कमी झाला. मग कॅमेऱ्यासमोरून डबे जायला लागले, जुने मीटरगेजचे, खिडक्यांना आडवे गज. प्रत्येक खिडकीत माणूस होता. कोणी बाहेर बघत नव्हतं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे समोर तोंड करून बसले होते, फार लांबून आल्यासारखे. डबे हळू झाले आणि एक खिडकी कॅमेऱ्यासमोर येऊन थांबली.

खिडकीत नंदाबाई होती. अंगावर सूज नव्हती, केस विंचरलेले, पदर डोक्यावर. ती जराशी गजाकडे सरकून बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. त्या जागेवर तिनं आपला हात पसरून ठेवला होता. यात्रेच्या गर्दीत आपल्या माणसासाठी जागा धरतात ना, तसा.

ती कोणाकडे बघतेय हे मास्तरांना बघायचं होतं. ते टीव्हीजवळ वाकले, तेवढ्यात खिडकी पुढे सरकली.

लाल पट्टी अंबडवरून गेली, गोलापांगरीवरून गेली, जालन्यावरून गेली. मग मोठी लाइन सगळी हिरवी झाली.

दाराआडचा शिवकन्याचा आवाज कधी थांबला, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

८

शिवकन्या पलंगाशी उभी होती. मास्तर आले तेव्हा तिनं त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांनी नंदाबाईचे डोळे मिटले. चेहरा सुटल्यासारखा झाला होता. दोघं जण तिथेच टेकले. माणसांना कळवायचं होतं, पण कोणी उठेना.

"त्रास न्हाई झाला तिला," शिवकन्या शेवटी म्हणाली. "फक्त शेवटी सरकली अण्णा. भिंतीकडं. तिला इतके दिवस बोट हलवता येत नव्हतं. आणि इथं," तिनं चादरीवरची मोकळी जागा दाखवली, "इथं हात ठेवला. मला वाटलं, जवळ बस म्हणतेय. म्हणून मी टेकले."

मास्तरांनी त्या जागेकडे बघितलं. "बसलीस तू तिथं?"

"थोडा वेळ."

"तिनं बघितलं कोणाकडं? तुझ्याकडं?"

शिवकन्या आठवत राहिली. "माझ्याकडंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "दाराकडं बी असल. मी दाराच्या अंगालाच होते. तुम्ही आत होता ना."

९

सगळं पार पडल्यावर शिवकन्यानं बापाला पुण्याला चला म्हणून फार आग्रह केला. इथं कोण आहे तुम्हाला, म्हणाली. मास्तर गेले नाहीत. ती मागची खोली आवरून देते म्हणाली, तर त्यांनी तिला त्या दारातून आत जाऊ दिलं नाही. तिला वाईट वाटलं. आईच्या जाण्यानं हे असे झालेत, असं ती चतुराबाईला सांगून गेली.

तिची एसटी निघून गेल्यावर मास्तरांनी होम सिग्नलचा दांडा तारेनं बांधून टाकला. सुतळीवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

पावसाळा संपता संपता तीर्थपुरी लाल झालं. मास्तरांना आश्चर्य वाटलं नाही. ते खुर्चीत बसून बघत राहिले. ती लाल पट्टी सुखापुरीला आली, सुखापुरी सोडली, दिवाळीनंतर येऊन सिग्नलच्या बाहेर उभी राहिली. दांड्याला हात लावला की तो ओळखीचा कंप हाताला लागतो.

मास्तर आता फार थकले आहेत. गुडघे वाकत नाहीत, दुपारी बसल्या बसल्या मान पडते. तारेकडे बघत ते कित्येकदा विचार करतात, की ती जागा आपल्यासाठीच धरलेली असणार. दुसऱ्या कोणासाठी धरेल ती. पन्नास वर्षांचा संसार. दाराकडेच बघत होती, शिवी म्हणाली ना. तार सोडायची, दांडा ओढायचा आणि खिडकीजवळ जाऊन बसायचं, याच्याइतकं सोपं आता त्यांना दुसरं काही वाटत नाही. एकदा तर त्यांनी पक्कड हातात घेतली होती.

तेव्हाच फोन वाजला. शिवकन्या होती. रविवार होता, म्हणून दुपारी केला म्हणाली. जेवलात का, काय करून राह्यलात, असं रोजचंच विचारलं. मास्तरांनी सांगितलं, काही नाही, बसलो आहे. मग त्यांनी विचारलं, "तू बरी हायेस ना?"

"बरी आहे की. रोज काय विचारता." ती हसली. मग म्हणाली, "ऑफिसचा जिना चढताना आजकाल दम लागतो थोडा. कामाचं असल. बाकी काही न्हाई."

मास्तरांनी तिला डॉक्टरला दाखवून ये म्हणून सांगितलं. उद्याच जा, म्हणाले. फोन ठेवला. मागच्या खोलीत आले, आणि पकडीनं तारेला आणखी एक पीळ दिला.